अकरा ओळींवरची शाई

उचगावच्या बादशहा नदाफांनी पुस्तक लिहायला घेतलंय ही बातमी फुटली, तेव्हा गल्लीत पहिली शंका निघाली ती अशी की, पेन्शनीच्या कागदावर सही करायला ज्या माणसाला दोनदा चष्मा पुसावा लागतो, तो पुस्तक कसलं लिहितोय? पण गल्लीला काय कळतंय! सतरा वर्षं फौज, त्यात कारगिलची लढाई, आणि वर बावीस वर्षं जेलात शिपाई. एवढा माल पोटात घेऊन बसलेला माणूस एक तर बोलेल, नाहीतर फुगेल. बादशहा फुगायलाच लागले होते. रिटायर होऊन तीन महिने झाले नाहीत, तोवर घरच्या कोंबड्यांची सकाळ-संध्याकाळ गिनती घ्यायला लागले, आणि एखादी कमी भरली की बायकोचा जबाब घ्यायला लागले.

बायकोचं नाव शहाजादी. बादशहाची बायको शहाजादी कशी, बेगम पायजे, हा विनोद त्यांच्या लग्नापासून आजवर हजार जणांनी करून झालाय, तेव्हा तुम्ही करू नका. ती बाई एक दिवस वैतागून म्हणाली, "कोंबड्या मोजतायसा त्यापरास लिवा की कायतरी. जेलातलं सांगून सांगून माझं कान किटलं. आता कागदाचं किटू द्या."

झालं. दुसऱ्या दिवशी बादशहांनी बाजारातनं जाडजूड रजिस्टर आणलं, अंगणात खुर्ची टाकली आणि पांढऱ्यावर काळं करायला सुरुवात केली. अडचण एकच होती. जन्मभर या माणसानं रिपोर्टाशिवाय काही लिहिलं नव्हतं. त्यामुळं पुस्तकाची सुरुवात अशी झाली: "वेळ सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. सूर्य उगवला. त्यात काही आक्षेपार्ह आढळून आले नाही."

शहाजादीनं ते वाचलं आणि पोट धरून खाली बसली. "अवो, सूर्याला बी आत टाकताय का काय?"

बादशहा दोन दिवस रुसून बसले. पण मग हात मोकळा व्हायला लागला. जेलात डालड्याच्या डब्यात मिरचीचं रोप लावणारा एक कैदी होता, त्याच्या सुटकेचा कागद आला त्याच आठवड्यात रोपाला कळी धरली, आणि गडी साहेबांच्या पाया पडून म्हणाला, मिरच्या लागूस्तोवर मला ठेवा. जोतिबाच्या डोंगरावरनं पोराला भेटायला येणारी एक म्हातारी होती, ती पोराला जाळीतनं पाच मिनिटं शिव्या घालायची आणि जाताना सगळ्या शिपायांना दवणा वाटून जायची. असलं एकेक लिहिता लिहिता दोनशे पानं भरली. वाचून शहाजादी हसायची, मधेच पदर डोळ्याला लावायची, आणि बादशहा दाराआडनं बघून मनातल्या मनात मिशीवर ताव द्यायचे.

आता यांचं जेलातलं काम काय होतं ते सांगायला पायजे, कारण सगळा घोटाळा तिथनंच झाला. जेलातनं बाहेर जाणारं पत्र आधी एका शिपायाच्या डोळ्याखालनं जातं. अठरा वर्षं तो डोळा बादशहांचा होता. पळून जायचा बेत, साक्षीदाराला दमदाटी, असलं काही दिसलं की त्यावर काळी शाई फिरवायची आणि समासात लिहायचं, "तपासले". सरकारी काम एवढंच. पण बादशहांनी त्यात आपला घरचा कायदा घुसडला होता. वाचून घरच्यांच्या जिवाला घोर लागेल असलं अक्षर बाहेर जाऊ द्यायचं नाही! एखाद्यानं लिहिलं, "मी रोज रडतो आणि दोन भाकरी खातो," तर आईला पोचायचं, "मी रोज दोन भाकरी खातो." आई खूश, बादशहा खूश. रडणारा आत रडत बसायचा तो बसायचाच.

हा कायदा बादशहांनी जेलात शोधला नव्हता. त्याचं मूळ त्याच्याही आधीचं, कारगिलातलं.

तिथं त्यांच्या तुकडीत कागलच्या पलीकडच्या एका खेड्यातला पोरगा होता, कृष्णात नावाचा, चोवीस वर्षांचा. आपल्या मुलखाचं म्हणून दोघांचं एका ताटात जेवण. कृष्णात लढाईत गेला. पुढं सुट्टी मिळाली तसे बादशहा आधी त्याच्या आईला, बायडाबाईला, भेटायला गेले. दारात अख्खं गाव गोळा झालेलं. त्या माउलीनं विचारलं, "कसा गेला रं माजा कृष्णात?" आणि बादशहांच्या तोंडातनं निघून गेलं, "वाघासारखा गेला, मावशी. घोषणा देत दुश्मनाच्या अंगावर धावून गेला."

बस्स, एक वाक्य. पण खोटं हे दुभत्या म्हशीसारखं असतं, एकदा दावणीला बांधलं की रोज वैरण मागतं. गावानं कृष्णातच्या नावाची कमान उभी केली. दरवर्षी जूनमध्ये कार्यक्रम, बायडाबाई पुढच्या खुर्चीवर, आणि प्रमुख वक्ते बादशहा नदाफ. पहिल्या वर्षी भाषणात दुश्मन तीन होते. टाळ्या पडल्या तशी पुढच्या वर्षी त्यांची भरती निघाली. गेल्या जूनपर्यंत ते एकोणीस झाले होते, आणि कृष्णात दोन गोळ्या खाऊन, झेंडा घेऊन, शिखरावर पोचायला लागला होता. माईकवरनं उतरल्यावर बादशहांना दरवर्षी घाम फुटायचा. लोक म्हणायचे, काय जीव ओतून बोलतात!

पुस्तकात लढाईचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी तेच भाषण उतरवायला घेतलं. एकोणीस दुश्मन लिहिले, झेंडा लिहिला. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, हात थांबला नाही. खाली अकरा ओळी आपल्या आपणच उतरल्या:

"वरील मजकूर खोटा आहे. त्या दिवशी हल्ला नव्हता. आम्ही दोघे खडकाच्या आडोशाला बसून तीन पत्ती खेळत होतो. पाणी संपले होते. जो हरेल त्याने खालच्या ओढ्यावरून पाणी आणायचे असे ठरले होते. डाव अर्धा असताना कृष्णात उठला व कॅन घेऊन गेला. ओढ्याजवळ तोफेचा गोळा पडला. त्याने कसलीही घोषणा दिली नाही. दुश्मन आम्हाला दिसलाही नाही. त्याच्या आईला मी आजवर खरे सांगितलेले नाही."

लिहून झाल्यावर बादशहा स्वतःच्या अक्षराकडं एखाद्या परक्या माणसाकडं बघावं तसे बघत राहिले. पुस्तक छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी सवयीप्रमाणं सगळी दोनशे पानं पुन्हा वाचायला घेतली. त्या ओळींशी आले. डोळ्यापुढं बायडाबाई उभी राहिली. हे बाहेर गेलं तर म्हातारीच्या जिवाला केवढा घोर! हातानं आपलं आपण काळी शाई उचलली, अकराच्या अकरा ओळी बुजवल्या, आणि समासात, देवाशप्पथ सांगतो, लिहिलं, "तपासले". खाली सही.

शाहूपुरीत वर्षाराणीचा छापखाना होता. बाई पस्तिशीची, तोंडानं फटकळ. वर्षभर लग्नपत्रिका छापायची आणि त्यातनं पैसा उरला तर दोन-तीन पुस्तकं काढायची. आठवड्याभरानं तिनं बादशहांना बोलावून घेतलं.

"काका, जेलातलं एक नंबर हाय," ती म्हणाली. "आमचा टायपिंगवाला हसून हसून खुर्चीवरनं पडला. नाव तेवढं बदलूया. 'सेवाकाळातील घटनांचा संक्षिप्त अहवाल' म्हटलं तर कुत्रं बी हात लावणार न्हाय."

"बदला की," बादशहा म्हणाले. आनंदानं त्यांना खुर्चीत नीट बसता येईना.

"आणि हे काय सांडलंय?" तिनं ते काळं पान पुढं सरकवलं.

"सांडलं न्हाय. सेन्सॉर केलंय."

"कुणी?"

"मीच."

वर्षाराणीनं कपाळावर हात मारून घेतला. "काका, स्वतःच लिवून स्वतःच खोडणारा लेखक मी पहिल्यांदाच बघितला. बरं, आता खरं बोलू का? राग मानू नका. माझं माहेर कागल. लढाईचं हे भाषण मी ल्हानपणापासनं ऐकतीया. तवा दुश्मन सातच होते." बादशहांनी मान खाली घातली. "सगळ्या प्रकरणात एक जागा खरी वाटती, आणि तीच तुम्ही काळी केलीया. त्या ओळी मला द्या, म्हंजे पुस्तक छापती. न्हायतर घेऊन जावा. तारीख नसलेली लग्नपत्रिका मी छापत न्हाय."

बादशहा रजिस्टर काखोटीला मारून घरी आले. एका बाजूला पुस्तक. छापलेलं, कव्हरावर नाव असलेलं! अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला असली हाव सुटावी याची त्यांची त्यांनाच लाज वाटत होती, पण सुटली होती खरी. आणि दुसऱ्या बाजूला बायडाबाई, जिच्याजवळ पोराच्या नावाची कमान सोडून दुसरं काही उरलं नव्हतं. तीच पाडायची? मग त्यांनी जे बायकोला पंचवीस वर्षांत सांगितलं नव्हतं ते ताटावर बसून सांगून टाकलं.

शहाजादी भाकरी थापता थापता थांबली. मग म्हणाली, "तुमी लोकांच्या पत्रांवर शाई फिरवत हुता, ती नोकरी हुती. हितं तर तुमी त्या माउलीची डाक पंचवीस वर्सं अडवून ठेवलीया. पुस्तकाचं जाऊ द्या खड्ड्यात. आधी तिला जाऊन सांगा. ती न्हाय म्हणली तर रजिस्टर चुलीत घालू."

"तिचा जीव जाईल, गं."

"पोरगा गेला तवा न्हाय गेला, तो आता जाईल व्हय?" मग नवऱ्याच्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाली, "आणि अजून कायतरी गिळताय तुमी."

"भाकरी गिळतोय," बादशहा म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अकरा ओळी कोऱ्या कागदावर उतरवून ते मोटारसायकलवर निघाले. उचगावातनं कागल म्हणजे किती लांब? पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. एकदा अर्ध्यातनं मागं फिरले, पुन्हा वळले. हायवेच्या कडेच्या रसवंतीवर थांबून एकापाठोपाठ एक तीन ग्लास उसाचा रस प्याले. रसवाला म्हणाला, "पावणं, लांबचा प्रवास दिसतोय." बादशहा म्हणाले, "लईच लांबचा." कारगिलला जाताना हा माणूस इतका भ्याला नव्हता, हे मी नाही, त्यांनी स्वतःच पुढं मला सांगितलंय.

बायडाबाई गोठ्यात म्हैस धूत होती. अठ्ठ्याहत्तरीची, अंगानं काटकुळी, पण म्हशीला हुकूम सोडताना आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. बादशहांना बघून तिला नवल वाटलं.

"आरं, भाषणाला अजून लई येळ हाय की! आत्ताच का आलास?"

"मावशी, एक कागद वाचून दावायचाय."

"सरकारी हाय का?"

"न्हाय. माजा हाय."

तिनं हात पुसले आणि ती उंबऱ्यावर टेकली. बादशहा उभेच राहिले. कागद दोन्ही हातांनी धरला, आणि एक ओळ न गाळता, साहेबापुढं रिपोर्ट वाचावा तशा आवाजात, त्यांनी सगळं वाचून टाकलं. पत्ते, पाणी, ओढा, गोळा.

बायडाबाई उठली आणि आत निघून गेली. बादशहा अंगणात एकटेच. आता आतनं चप्पल येणार, नाहीतर रडण्याचा आवाज येणार. दोन्ही नको म्हणून ते फाटकाकडं वळले.

"कुठं निगालास? बस खाली," आतनं आवाज आला. पाठोपाठ म्हातारी दोन कप चहा घेऊन बाहेर आली. एक त्यांच्या हातात दिला. तिचे डोळे ओले होते, पण तोंडावर राग नव्हता.

"बादशा," ती म्हणाली, "दर वर्साला मला त्या पुढच्या खुर्चीवर बसवत्यात. हार घालत्यात. तू माईकवर वराडतोस आन मी ऐकती. आन दर वर्साला मला वाटतंय, ह्यो कुनाच्या पोराचं सांगतोय? आरं, माजा कृष्णात घोषना कसला देतोय? शाळंत गुरुजींनी नाव पुकारलं तर 'हजर' म्हनायला लाजायचा. मला वाटायचं, फौजेनं माजं पोरगंच बदललं. शेवटच्या टायमाला त्यो माजा ऱ्हायला नव्हता. ही सल घिऊन बसलीया मी, कुनाला सांगू?"

घोर लागू नये म्हणून बादशहांनी जे केलं, त्यानंच पंचवीस वर्षं घोर लावला होता.

"पत्त्यात कसा हुता त्यो?" तिनं एकदम विचारलं.

"हुशार. लई हुशार, मावशी. आमच्यात त्येच्या नादाला कोन लागत न्हवतं."

"मग अर्ध्या डावातनं का उठला?"

इथं बादशहांनी हातातला कप खाली ठेवला. शाईखालच्या ओळींतही जे त्यांनी लिहिलं नव्हतं, नेमकं तिथंच म्हातारीनं बोट ठेवलं होतं.

"त्यानं पानं उलटी ठिवली, वर दगड ठिवला आन म्हणाला, 'बादशाभाई, बगायची न्हाईत हां.'"

"बगितलीस?"

"व्हय."

"काय हुतं?"

"तीन एक्के. त्येच्या वर त्या खेळात काय बी नसतं." आता मात्र बांध फुटला. "मावशी, त्यो जिकलावता. पान्याला मी जायला पायजे हुतं. पानं बगितली तवा त्येची पाठ दिसत हुती मला. हाक मारायची हुती, ये माघारी, तू जिकलायस, मी जातो. न्हाई मारली. माजा पाय सुजलावता, बुटात जाईना. मनात म्हटलं, बरं झालं गेला त्ये. आसं म्हटलं मी, मावशी! आन मग गोळा पडला."

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस परक्याच्या अंगणात ढसाढसा रडायला लागला. म्हैससुद्धा मान वळवून बघायला लागली. बायडाबाईनं त्याला रडू दिलं. थोड्या वेळानं विचारलं, "तुज्या पायाचं त्येला म्हाईत हुतं?"

"त्यानंच सकाळी बूट वढून काढलंतं."

म्हातारीच्या तोंडावर एकदम हसू फुटलं, आणि त्याच हसण्यात डोळ्यांतनं पाणी घळाघळा वाहायला लागलं.

"हाक मारली आसतीस तरी आला आसता व्हय रं त्यो? दहा हाका मारल्या तरी माज्या हाकंला जेवायला यायचा न्हाई! आन पानी! ह्या घरात त्या गड्यानं एक तांब्या हिकडचा तिकडं केला न्हाई कदी." ती उठली आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीला ओरडून म्हणाली, "अगं ऐकलंस का? माजा कृष्णात जिकलावता! जिकून बी उठला! ह्येच्या पायासाटनं उठला!" मग बादशहांकडं वळली. "आन मुडद्या, येवडं सोडून तू मला वाग सांगत बसलास व्हय? वाग घिऊन काय करू मी? लिवलंयस का हे?"

"न्हाई, मावशी."

"मग लिव. हितंच बस आन लिव. लिवल्याबिगार जाऊ द्यायची न्हाई."

बादशहांनी खिशातला पेन काढला, त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं, आणि तिच्या हुकमावरनं तीनदा वाचून दाखवलं. वर्षाराणीनं ते प्रकरण वाचलं तेव्हा त्या फटकळ बाईनं एकोणीस दुश्मनांवर पेन्सिलीनं काट मारली आणि पान छपाईला पाठवून दिलं.

पुस्तक निघालं. गल्लीत पेढे वाटले गेले. शहाजादीनं पहिली प्रत छातीशी धरून फोटो काढून घेतला, आणि लगेच ती नवऱ्याच्या हातात देऊन त्याला कागलच्या रस्त्याला लावलं. बायडाबाईनं हात पदराला पुसून पुस्तक घेतलं. तिला वाचता येत नव्हतं.

"त्यो उठला त्ये कुठं हाय ह्यात?" तिनं विचारलं.

बादशहांनी पान काढून दिलं. तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं.

"हे?"

"हे, मावशी."

"येवडुसंच?"

"एकच ओळ हाय."

"बास हाय की," बायडाबाई म्हणाली, आणि बोट काही तिनं उचललं नाही.